ऑक्सिमीटर कपाटात ठेवा

पेशंटच्या घरात शिरले की चपला काढायच्या आतच मला ऑक्सिमीटरचा आकडा ऐकवला जातो. "ताई, ब्याण्णव आहे." "ताई, रात्री एकदा एकोणनव्वद झाला होता, मग परत त्र्याण्णव." आतल्या खोलीत ज्यांचं बोट त्या चिमट्यात अडकलंय त्यांना कसं वाटतंय, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

ही सवय २०२१ च्या एप्रिलनं लावली. तेव्हा ती बरोबरच होती. करोनात कितीतरी जणांचा प्राणवायू खाली गेलेला असायचा आणि माणूस मात्र निवांत गप्पा मारत बसलेला, धापेचं नाव नाही. आकड्यावर डोळा ठेवणं भागच होतं. मी ज्या घरांत जाते तिथे फुप्फुसाचा कॅन्सर असतो, शेवटच्या टप्प्यातला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असतो, थकलेलं हृदय असतं, आणि तिथे बरेचदा नेमकं उलटं चालतं. आकडा शहाण्णव, आणि माणूस पलंगाच्या कडेला वाकून बसलाय, कपाळावर घाम, एका वाक्यात तीनदा थांबतोय. मुलगा म्हणतो, "पण बाबा, ऑक्सिजन तर छान आहे!" म्हणजे बाबा उगीच करताहेत, असंच जवळजवळ.

मी फिजिओथेरपिस्ट. इंदुरात राहते, आणि ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा पेशंटांकडे घरी जाते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, कधी रामबागेकडच्या जुन्या घरांचे अरुंद जिने. फिजिओ म्हणजे गुडघे आणि कंबर अशी समजूत असल्यामुळे पहिल्या दिवशी हमखास प्रश्न येतो, की यांना आता व्यायाम कशाला? व्यायाम नाहीच. धाप कमी व्हावी म्हणून मी येते.

धाप मोजायचं यंत्र नाही. पेशंट सांगेल तीच धाप. श्वासाचे स्नायू किती राबताहेत, छाती किती ताणली गेलीय, रक्तात प्राणवायू किती उरलाय, कार्बन डायऑक्साइड किती साठलाय, मनात भीती किती आहे, या सगळ्यांची गोळाबेरीज मेंदू करतो आणि माणसाला वाटतं, श्वास पुरत नाही. बोटावरचं यंत्र त्यातली एकच गोष्ट दाखवतं. तीही हात गार पडले असतील किंवा नखांना रंग असेल तर चुकीची. डॉक्टर शून्य ते दहात किती असं विचारतात. आपल्याकडच्या आजी-आजोबांना ते जमत नाही, सगळ्यालाच "पाच" म्हणतात. मी विचारते, काल पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत गेला होतात, आज जाववेल का? जेवताना मध्ये थांबावं लागतं का? फोनवर मुलीशी बोलता येतं का? उत्तर लगेच मिळतं.

एक काका दिवसभर ते यंत्र बोटालाच लावून बसत. आकडा एकाने उतरला की डोळे मोठे, श्वास भराभर, की आकडा आणखी हले. शेवटी काकूंच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे कपाटात, साड्यांच्या खाली. डॉक्टर किंवा नर्स आले की काढायचं. ज्यांना डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून अमुक ते अमुकच्या मध्ये ठेवा असं सांगितलंय त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी सांगितल्या वेळी बघावं. बाकीच्यांनी माणसाकडे बघावं.

आणि हो, माझ्याआधी डॉक्टर. धाप एकाएकी वाढली तर तिच्यामागे काढता येण्यासारखं काही आहे का हे बघायलाच हवं. फुप्फुसाभोवती पाणी साठलं असेल तर ते सुईने काढता येतं, आणि कित्येकदा माणूस त्याच दिवशी आडवा होऊन झोपू शकतो. हिमोग्लोबिन घसरलं असेल, जंतुसंसर्ग असेल, हृदयामुळे पाय सुजून अंगात पाणी धरलं असेल, तर त्यावर औषधं आहेत. "कॅन्सर आहे म्हटल्यावर धाप लागणारच" म्हणून गप्प बसणारी घरं मी पाहिली आहेत, त्यांचा राग येतो. आजार बरा होणार नाही म्हणजे त्यातलं काहीच बरं होणार नाही, असं थोडंच आहे?

हे सगळं झाल्यावरही जी धाप उरते तिच्यासाठी मी पिशवीतून पहिली वस्तू काढते ती हातातला छोटा पंखा. बॅटरीवरचा. आपल्याकडे जेल रोडला दोन-तीनशेत मिळतो, पोरं उन्हाळ्यात घेऊन फिरतात तो. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि वारा गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या ओठावर येऊ द्यायचा. चारपाच मिनिटं. चेहऱ्याच्या या भागातून जाणाऱ्या मज्जातंतूला गार वारा लागला की मेंदूकडे जो संदेश जातो त्याने श्वासाची ओढ कमी वाटते. केंब्रिजला २०१० साली पन्नास पेशंटांवर याची चाचणी झाली होती. प्रत्येकाला पाच मिनिटं वारा चेहऱ्यावर आणि पाच मिनिटं पायावर दिला. चेहऱ्यावर दिला तेव्हा धाप कमी झाली. इतकी साधी चाचणी, आणि इतका स्वस्त उपाय, की लोकांचा विश्वास बसत नाही. तीन हजाराचं इंजेक्शन असतं तर बसला असता.

मराठी घरात मात्र या पंख्याचं वैर कुणाशी असेल तर कानटोपीशी. छातीचा आजार म्हटला की खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कानटोपी, मफलर, वर छातीला विक्स. मेमध्येसुद्धा. एका घरात आजी पंखा बघून माझ्यावर चिडल्याच, "अगो, वारं लागेल त्यांना!" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मफलर गळ्याला राहू दिला, पायांवर शाल घातली, खिडकीची एक फळी उघडली आणि पंखा आजोबांच्याच हातात दिला. चालू-बंद करणं त्यांच्या बोटाशी. आजोबा चारपाच मिनिटांनी म्हणाले, "बरं वाटतंय गं." त्यावर आजी काय बोलणार? पंखा पेशंटच्या हातात असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. धाप लागली की माणूस सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, त्यात निदान एक गोष्ट तरी त्याच्या ताब्यात राहते. आजींनी नंतर माळ्यावरून वाळ्याचा विंझणा काढून आणला, तोही चालतो. फक्त घालणाऱ्याचा हात दुखतो.

खिडक्या उघड्या ठेवा हे मी ऊठसूट सांगते, पण दोन वेळा सोडून. एक, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. राजवाड्याभोवती यंत्रांनी गुलाल तीनतीन मजले उंच उडतो. त्या दिवशी जुन्या भागातल्या माझ्या पेशंटांच्या खिडक्या सकाळपासून बंद आणि चौकटींना ओले टॉवेल. दुसरी, गहू निघाल्यावरचे दिवस, जेव्हा शहराबाहेर नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं, जाळतात. तेव्हा संध्याकाळी धूर खाली बसतो. पंखा तेव्हाही चालू.

आता एक विनवणी. धाप लागलेल्या माणसाला "मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या" असं सांगू नका. घरातले चारजण पलंगाभोवती उभे राहून हेच ओरडत असतात. सीओपीडीत हवा आत अडकून फुप्फुसं आधीच फुगलेली असतात. आत जागाच नाही, तर घेणार कुठे? घेण्याची काळजी शरीर घेतं. आपण सोडायला सांगायचं. नाकाने साधा श्वास, आणि ओठांचा चंबू करून बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तशी हळू, लांब फुंकर. जोर नाही, पोट आत ओढणं नाही. ओरडायच्या ऐवजी एकाने समोर बसावं, खांद्यावर किंवा पाठीवर हात ठेवावा आणि स्वतःच तशी फुंकर घालत राहावं. पेशंट आपोआप त्या लयीत येतो. बाकीच्या तिघांनी बाहेर जावं, चहा करावा.

ज्यांना समोर काहीतरी लागतं त्यांना मी खिडकीची चौकट दाखवते. आडव्या लांब कडेवरून नजर फिरवताना श्वास सोडायचा, उभ्या आखूड कडेवर घ्यायचा. एका आजोबांना हे पोरखेळ वाटलं. ते रोज स्तोत्र म्हणणारे. म्हटलं, मग तेच म्हणा, पण एका दमात पूर्ण श्लोक नाही. अनुष्टुभ छंदाच्या एका चरणात आठ अक्षरं. आठ अक्षरं श्वास सोडत म्हणायची, थांबायचं, श्वास आला की पुढची आठ. त्यांना अडत अडत म्हणण्याची लाज वाटत होती; डॉक्टरी कारण मिळाल्यावर वाटेनाशी झाली.

बसायचं कसं, हेही लोकांना कुणी सांगितलेलं नसतं. उताणं झोपवणं सगळ्यात वाईट. खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर दोन उशा ठेवाव्यात, त्यावर कोपरं आणि डोकं टेकवून पुढे रेलावं. हातांना आधार मिळाला की खांद्यांचे स्नायू छातीच्या मदतीला येतात. उभं असताना दम लागला तर स्वयंपाकाच्या ओट्यावर कोपरं टेकून वाका. पलंगावर असतील तर कुशीवर, डोक्यापासून कमरेपर्यंत उशांचा उतार, मानेखाली पोकळी राहू द्यायची नाही, वरचा हात एका उशीवर. बैठकीतले लोड आणि तक्के या कामाला उत्तम.

दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कोणती, असं विचारलं की घरचे म्हणतात रात्र. पेशंट म्हणतात अंघोळ. वाफेनं कोंदलेली बंद मोरी, पायांशी वाकणं, डोक्यावर हात नेणं, मग घाईने अंग पुसणं. म्हणून स्टूल, कोमट पाणी, दार थोडं उघडं, आणि पुसत बसण्याऐवजी मोठा टॉवेल अंगावर गुंडाळून तसंच पाच मिनिटं बसून राहणं. पंखा तिथेही. अंघोळ रोज झालीच पाहिजे असा शास्त्रार्थ असेल तर तो माझ्यावर सोडा. जेवण आणि अंघोळ लागोपाठ नको, जेवणही दोनदा भरपेट असण्यापेक्षा चारदा थोडं, मऊ भात नाहीतर खिमटी. पोट तट्ट भरलं की छातीचा पडदा वर ढकलला जातो.

याच कारणाने पाटावर मांडी घालून पूजा करणं अवघड जातं. पोट दाबलं जातं, वर फुलं वाहायला वाकायचं, शंखात पाणी घालायचं. एका घरी काकांनी पूजा सोडली होती, आणि धापेपेक्षा त्याचंच दुःख जास्त होतं. देव्हारा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला, समोर हातांची खुर्ची. सूनबाईंनी गंध उगाळून, फुलं निवडून ताम्हनात तयार ठेवायची; काकांनी फक्त वाहायची. आधी सोवळ्यात खुर्ची कशी चालेल, यावर अर्धा तास चर्चा झाली, ती इथे देत नाही. काका पुन्हा पूजा करू लागले एवढं सांगते. धापेत माणूस हालचाल कमी करतो, मग स्नायू झिजतात, मग थोड्या हालचालीनेही जास्त धाप लागते, मग भीती, आणि भीतीने श्वास आणखी उथळ. श्वास, विचार आणि हालचाल अशी तीन चक्रं एकमेकांत अडकलेली आहेत असं केंब्रिजच्याच धाप-पथकाने मांडलंय. कुठलंही एक चक्र सैल केलं तरी चालतं. काकांचं पूजेकडून झालं.

ऑक्सिजनबद्दल बोलायला मी जरा टाळते, कारण लोक नाराज होतात. घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, आणला म्हणजे आपण सगळं केलं, असं वाटतं. ज्यांच्या रक्तात प्राणवायू खरोखर कमी आहे त्यांना त्याचा उपयोग आहे. ज्यांचा कमी नाही त्यांचं काय? २०१० सालीच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी छापून आली होती. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधले २३९ पेशंट, आजार शेवटाकडे झुकलेला, धाप आहे पण प्राणवायू फार खालावलेला नाही. अर्ध्यांना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन, अर्ध्यांना तशाच नळीतून साधी खोलीतली हवा, सात दिवस. कुणाला काय मिळतंय हे कुणालाच माहीत नाही. दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं, सारखंच. म्हणजे नाकाशी हवा खेळती असणं हाच गुण असेल, तर तो माझा जेल रोडचा पंखाही देतो, आणि त्याला नळी नाही. नळीमुळे माणूस पलंगाला बांधला जातो, नाक कोरडं पडतं, यंत्राची घरघर रात्रभर. मेमध्ये वीज गेली की साधा इन्व्हर्टर फार वेळ तग धरत नाही आणि घरभर पळापळ होते. सीओपीडीच्या काही पेशंटांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते, म्हणून "जरा वाढवून बघू" हा प्रयोग घरी अजिबात नको. आणि यंत्र चालू असताना त्याच खोलीत समई, निरांजन, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही. नाकात विक्स किंवा व्हॅसलिनही नाही. देव्हारा टेबलावर आणला तो दुसऱ्या खोलीत आणला, हे सांगायचं राहिलं.

मॉर्फिन हा शब्द डॉक्टरांनी काढला की घरात सगळे एकमेकांकडे बघतात. "म्हणजे आता संपलंच का?" तसं नाही. धापेसाठी लागणारा डोस सहसा लहान असतो, आणि तो तज्ज्ञाने ठरवून, मूत्रपिंडं कशी आहेत ते बघून, हळूहळू वाढवलेला असेल तर श्वास बंद पडण्याची भीती बाळगायचं कारण नाही. मेंदूत श्वासाची जी धोक्याची घंटा वाजत असते तिचा आवाज तो कमी करतो. पहिले काही दिवस मळमळ आणि झोप, ती बहुधा जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून रेचक त्याच दिवसापासून सुरू, आणि ते डॉक्टरांनी दिलेलं. इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्या माणसात तो आतच घट्ट बसतो. हे औषध प्रत्येक धापेला नाही, हेही खरं. २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सीओपीडीच्या पेशंटांना रोज आठ किंवा सोळा मिलिग्रॅम देऊन पाहिलं, आणि खोट्या गोळीपेक्षा धाप फारशी कमी झाली नाही. त्यामुळे हिंडत्या-फिरत्या माणसाला आता डॉक्टर ते सहजासहजी देत नाहीत. पण शेवटच्या आठवड्यांत, नुसतं बसूनही जीव घाबरा होतो, पंखा-फुंकर-उशा सगळं करून झालंय, तेव्हा त्याला चांगला पर्याय माझ्या बघण्यात नाही.

माळव्यातल्या माणसाला यात एक गोष्ट टोचायला हवी. ज्या अफूपासून मॉर्फिन काढतात ती आपल्या शेजारी, मंदसौर, नीमच, रतलामकडे पिकते. माघात त्या रस्त्याने गेलात तर पांढऱ्या फुलांची शेतंच्या शेतं दिसतात, सरकारी परवान्यावरची. अफूतून मॉर्फिनसारखी द्रव्यं (अल्कलॉइड) काढणारा सरकारी कारखाना नीमचला, अफूच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला. आणि इंदुरात धापेने रात्र काढणाऱ्या आजोबांच्या मुलाला औषधांच्या दुकानांतून "नहीं भिया, वो हम नहीं रखते" ऐकून घ्यावं लागतं. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या कायद्याने या औषधाभोवती इतके परवाने उभे केले की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम देशभर एकसारखे आणि सोपे केले. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेल्या संस्थेला ते ठेवता येतं. पण दहा वर्षं उलटली तरी जुनी धास्ती गेलेली नाही. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, की ही मान्यता आपल्या जवळच्या कुठल्या रुग्णालयाला आहे. आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा, दिवाळीच्या सुट्ट्या लक्षात घेऊन.

अगदी शेवटच्या दिवसांबद्दल थोडंच. श्वास अनियमित होतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर वाजते. ऐकणाऱ्याला ते फार कठीण जातं, पण माणूस तेव्हा बहुतेक शुद्धीत नसतो आणि त्याला त्याचा त्रास जाणवत नसावा असंच डॉक्टर मानतात. नळी घालून कफ ओढायची घाई करू नका, कुशीवर वळवा. गंगाजळ चमच्याने घशात ओतू नका, ठसका लागतो. बोट बुडवून ओठांना लावा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा. तेवढंही पोचतं.

आणि रात्रीची तयारी दिवसाउजेडी करून ठेवा. धाप बहुधा पहाटे दोनला येते आणि त्या वेळी कुणाचंच डोकं चालत नाही. मी एक कागद लिहून देते, फ्रिजवर चिकटवायला. बसवा, पुढे रेलू द्या. पंखा. फुंकर, समोर एकच माणूस. एवढ्याने दहा-पंधरा मिनिटांत उतरलं नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, तिचं नाव आणि डबा कुठे आहे ते. खाली फोन नंबर, ज्याला रात्री फोन करायचा असं आधीच ठरलंय त्याचा. सगळं जाड मार्करने, मोठ्या अक्षरांत, कारण काकूंना त्या वेळी चष्मा सापडणार नाही. आणि पंखा संध्याकाळी चार्जिंगला लावायचा, मोबाइल काढून.